पडायची लाज

डिचोली, गोवा
दि. ९ जून १९८७

सौ. हौसाताईंना शेवंतीचा नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमच्याकडे भाताची पेरणी आटोपली असेल. किरणची शाळा सुरू झाली का? यंदा पाचवीत ना तो? भैरूभाऊ त्याच्या अक्षराचं फार कौतुक सांगायचे.

इकडे खाणींवरचे ट्रक पावसासाठी बंद झालेत, त्यामुळे रस्त्यावरची लाल धूळ खाली बसली आहे. गोवा राज्य झालं म्हणून गावात पेढे वाटले. कोकणी की मराठी, हा वाद मात्र अजून दारोदार चालतो. आमच्या घरात महिनाभर कुठल्याच भाषेत बोलणं नव्हतं.

ह्यांची तब्येत बरी आहे. उजवा हात अजून जड आहे. शब्द सापडायला वेळ लागतो. डोक्याला मार बसलेल्या माणसाचं असंच हळूहळू होतं, असं डॉक्टर म्हणतात.

तुम्ही विचारलंत की भैरूभाऊ हंगाम संपायच्या आधीच घरी का आले, ऑक्टोबरात परत जाणार नाही असं का म्हणतात, विचारलं तर उठून गोठ्यात का जातात. मालकाशी भांडण झालं असेल असं तुम्हाला वाटतं. तसं काही नाही. मालक चांगला आहे.

त्यांना मी घालवलं, ताई.

अपघात तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबरात ह्यांचा ट्रक गॅरेजमध्ये होता, म्हणून हे भैरूभाऊंच्या ट्रकात शेजारी बसून खनिज घेऊन आमोण्याच्या नदीवरच्या धक्क्यावर गेले. माल उतरवून परत येताना वळणावर ट्रक उलटला. ह्यांचं डोकं फुटलं. भैरूभाऊंच्या खांद्याला नुसतं खरचटलं. ते खरचटलेलं मी कधी विसरले नाही. इस्पितळात ते माझ्याशेजारी बाकावर बसायचे आणि मी त्यांच्या खांद्याकडे बघत राहायची.

तरी खरं ते लिहिते. डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्ते अडवले होते, तेव्हा फेरीबोट आणि सायकल करून त्यांनी मला इस्पितळात नेलं. हे घरी आल्यावर भैरूभाऊ रोज ड्यूटीनंतर दोन तास आमच्याकडे असायचे. तुमच्या वाटणीचा तो वेळ मी घेतला असं कोणी म्हणेल. मला तर तो नकोच होता.

इस्पितळातल्या बाईंनी मला सगळे व्यायाम शिकवले होते. मी ते वहीत चित्रं काढून उतरवले. काजूच्या बिया उजव्या हाताने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायच्या. माहेरहून, पार्शाहून, मी मुद्दाम बिया आणवल्या. ह्यांनी तिसऱ्या दिवशी वाटी भिंतीवर फेकली. भैरूभाऊ येताना ट्रकचे जुने नट-बोल्ट खिशातून घेऊन यायचे. दोघे ओट्यावर बसून नट बोल्टावर चढवत, आणि सुटला की हसत. मी हात धरला की ह्यांचं अंग लाकडासारखं व्हायचं. भैरूभाऊ नुसतं म्हणत, "ऊठ रं रुद्रेश, गाडी सुटायली." आणि हे उठायचे.

बारा वर्षांचा संसार माझा. आणि हसू त्यांच्यासाठी. मी चहात साखर कमी घालायची त्यांच्या. इतकी खाली गेले होते मी.

मेच्या सुरुवातीला एका दुपारी ते ह्यांना न्हाऊ घालत होते. माझ्याकडून हे न्हाऊन घेत नसत, भिंतीकडे तोंड करत. मी न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी, आणि आत दोघे पोट धरून हसतायत. कशाला, ते मला कळलं नाही. भैरूभाऊ बाहेर आले तसं मी म्हटलं, "ज्या हातांनी ह्यांचं डोकं फोडलंत, त्याच हातांनी आता पाणी घालता? उद्यापासून माझ्या दारात येऊ नका."

त्यांनी हात पुसले. टॉवेल दोरीवर नीट घातला. मग म्हणाले, "वहिनी, उभं करताना त्याचा डावा पाय आधी टेकवा. उजव्यावर भ्येतो त्यो." आणि गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, पगार घेऊन गावच्या बसला बसले.

मला वाटलं, आता हे माझ्या वाट्याला येतील. ह्यांनी जेवायला उजवा हात लावायचं सोडलं. बोलायचंही सोडलं.

तीस मेला शेजारची पार्वती राज्य झाल्याची मिरवणूक बघायला बोलावून गेली. मी दहा मिनिटं नाक्यावर उभी राहिले असेन. परत आले तर खुर्ची रिकामी. विहिरीत डोकावले, देवळात पाहिलं. शेवटी ट्रक उभे राहतात तिथे गेले. गॅरेजपुढच्या एका जुन्या टायरवर हे बसले होते. दोन्ही गुडघे सोललेले, पँट फाटलेली. घरापासून अर्धा मैल तरी आहे. मी त्यांना कधी चार पावलंही एकटं टाकू दिली नव्हती.

मी ओरडले नाही. शेजारी बसले. म्हटलं, "भैरूभाऊ गावी गेले. मीच जा म्हटलं त्यांना."

हे एकेक शब्द जुळवत बोलले, "हांव पडलों जाल्यार... तो हांसता. तूं रडटा." पुन्हा थांबले. "तुज्या मुखार पडपाक... माका लज दिसता."

हे पडले तर भैरूभाऊ हसतात, मी रडते; माझ्यासमोर पडायची त्यांना लाज वाटते, ताई. मला वाटत होतं, मी त्यांना नकोशी झाले आहे.

तेव्हा मी तिथेच बसून ते सांगितलं, जे तुम्हालाही सांगायला हवं. अपघाताच्या दिवशी सकाळी मी ह्यांना बजावलं होतं, भावाकडे पार्शाला जायचंय, शेवटची बस चुकली तर बघा, काही करून लवकर या. ह्यांनी माझ्या बसचं सांगून भैरूभाऊंना घाई केली, हे मला नंतर धक्क्यावरच्या हमालांकडून कळलं. भैरूभाऊंना ते ठाऊक होतं. पोलिसांना सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही, मी दारातून हाकललं तेव्हाही तोंडातून काढलं नाही. बहुतेक तुम्हालाही सांगितलं नसेल.

ह्यांना तो दिवस आठवतच नाही. ऐकून घेतलं, गुडघ्यावरची माती झाडली आणि म्हणाले, "भूक लागल्या." आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात पाव-भाजी खाल्ली. ह्यांच्या शर्टावर सांडली. माझा हात पुसायला निघाला होता, तो मी मागे घेतला.

भैरूभाऊंना लिहायचं मला धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. हे पत्र त्यांना वाचून दाखवा, ते गोठ्यात गेले तर तिथे जाऊन दाखवा. ऑक्टोबरपर्यंत थांबू नका म्हणावं. लावणीच्या कामातून मोकळे झाले की या. तुम्हीही या, पोरांनाही आणा, आमची मागची खोली रिकामीच आहे.

ते आले की मी आनंदाने आत घेईन असं मी लिहीत नाही. त्यांना बघून ह्यांचा चेहरा उजळेल, आणि मला पुन्हा जळायला होईल. ते मला आवरता येईल की नाही, माहीत नाही. साखर मात्र पुरती घालीन.

पोरांना आशीर्वाद. भैरूभाऊंना नमस्कार लिहायचा मला अजून हक्क नाही, तो त्यांनी दिला तर पुढच्या वेळी लिहीन.

तुमच्या घरची अपराधी,
शेवंती