भेगेचा अकरावा फोटो

१८ फेब्रुवारी

चि. किल्ली यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला किल्ली म्हणू नये हे मला कळतं. पण लहानपणी घरातली घड्याळं खोलून ठेवायचास म्हणून तुझ्या ताईने ते नाव दिलं, आणि आता नवीन सवय लावून घ्यायची ताकद माझ्यात नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघंही गप्प बसतो आणि मग कोणीतरी एक जण ठेवून देतो.

ताईचं दिवसकार्य आटोपून तू परत गेल्याला चार दिवस झाले. घर ठीक आहे. वेळेवर जेवतो. दोन माणसांचा भात होतो, तो दोन वेळा खातो.

एक काम आहे. तू घाईत आलास-गेलास, म्हणून नीट लिहितो. आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर भिंतीला उभी भेग आहे. वर बारीक, खाली रुंद. इमारत रिकामी करायची की नुसती दुरुस्ती करायची हे ठरवायला इंजिनिअरने बारा महिन्यांचे फोटो मागितले आहेत, दर एक तारखेला, एकाच जागेवरून. भेगेवर आडवी लाकडी फूटपट्टी ठोकली आहे. हे काम कोण घेणार असं सोसायटीच्या सभेत विचारल्यावर सगळे छताकडे बघायला लागले. तुझी ताई म्हणाली, तीस वर्षं गणित शिकवलंय, मला द्या. जागा चुकू नये म्हणून तिने जमिनीवर आपल्या चपला ठेवल्या आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ काढली. फ्लॅशने भिंत चमकते, म्हणून मी दोन पायऱ्या वर उभा राहून टॉर्च धरायचो. कॅमेरा कधी माझ्याकडे दिला नाही. तुमच्या हातात दिला तर भेग नाही, भूकंप दिसेल, असं म्हणायची.

दहा फोटो झाले. दोन राहिले. सेक्रेटरी म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी सांगतो. मी नको म्हणालो. काल एकोणीस फोटो काढून पाहिले. एकोणीसही धूसर. तिचंच खरं.

तेव्हा ट्रायपॉड घ्यावा म्हणतो. दुकानात गेलो तर तिथला माणूस विचारतो, पाय कसले पाहिजेत आणि हेड कसलं. मी आयुष्यभर पाण्याचे मीटर तपासले. विचारून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. एक तारखेच्या आत कळव.

वहिनींच्या खुब्याचं दुखणं कसं आहे? त्यांना वाकू देऊ नकोस. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
भाऊजी


२१ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. किल्लीच म्हणा. तसं म्हणणारे तुम्ही एकच उरलात.

स्टुडिओतला माझा जुना स्टँड पाठवला असता, पण तो चाकांचा आहे. तुमच्या जिन्यात कॅमेऱ्यासकट तळमजल्यावर जाईल आणि इंजिनिअरला दुसरी भेग मोजावी लागेल.

आता नीट ऐका. पाय अॅल्युमिनियमचे, जाडजूड घ्या. दुकानदार आधी हलके दाखवेल. हलके पाय डोंगर चढणाऱ्यांसाठी असतात, तुम्हाला एक जिना चढायचा आहे. उघडताना वरचे जाड भाग आधी ओढा, खालचे बारीक लागले तरच. मधली दांडी वर काढायचा मोह होईल, काढू नका. ती काढली की तीन पायांवर एक काठी उभी राहते आणि काठी थरथरते.

हेड म्हणजे पायांवर बसतो तो, कॅमेरा धरणारा भाग. एक प्रकार गोळ्याचा. एक स्क्रू सैल केला की कॅमेरा कुठेही वळतो, आणि आवळायला विसरलात की मान टाकतो. हिंडून फोटो काढणाऱ्यांना तो बरा. तुम्हाला तीन दांड्यांचं हेड घ्यायचं आहे. एक दांडी वर-खाली, एक डावं-उजवं, एक तिरकं. एकेक बसवायची आणि विसरून जायची. हळू काम आहे, पण तुमच्या स्वभावाला जमेल. त्याच्यावर पाणसळीचा बुडबुडा असतो, तो मधोमध आणा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला लावा. बटण हाताने दाबून उपयोग नाही, पुन्हा भूकंप. दहा सेकंदांचा टायमर लावा.

हिचं बरं आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि मी भांडी कशी घासतो ते बघून परत येते. तिला एकटं टाकून येता येत नाही, नाहीतर मीच आलो असतो.

भाऊजी, तीस वर्षं लोकांचे फोटो काढले. काल ताईचा एक मोठा करून लावावा म्हणून शोधायला बसलो, तर धड एक नाही. स्टुडिओत आली की म्हणायची, गिऱ्हाइकं आधी, मी कुठे पळून चाललेय.

तब्येतीला जपा. माझ्यावर माया आहे ती असू द्या.

आपला,
किल्ली


२ मार्च

चि. किल्ली यास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच घेतलं. पहिल्या खेपेला नुसते पाय घेऊन घरी आलो. खोकं उघडून तासभर कॅमेरा कुठे लावायचा ते शोधलं. हेड त्यातच असेल असं धरून चाललो होतो. परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही इतक्या घाईने निघालात की मला वाटलं हेड घरी असेल. हसला नाही. मलाही हसू आलं नाही. तुझ्या ताईला सांगण्यासारखी गोष्ट होती, एवढं वाटलं.

काल एक तारखेला फोटो काढला. पांढऱ्या रेघांच्या मधोमध येईल असा ट्रायपॉड उभा केला. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, बुडबुडा मधोमध. टॉर्च कठड्याला सुतळीने बांधला. फोटो स्वच्छ आला.

पण भेग वाढली आहे. फोटोत पट्टीच्या वरच्या काठावर मोजली तर पूर्ण दोन मिलिमीटर जास्त. दहा महिन्यांत मिळून तेवढी वाढली नव्हती. मी तीनदा मोजली. बातमी वरच्या मजल्यावर राहत्या घरीच बालवाडी चालवणाऱ्या बाईंना सांगितली, कारण त्यांचीच खोली त्या भिंतीला लागून आहे. संध्याकाळी वरून सामान ओढल्याचा आवाज येत होता. आज सकाळी त्यांच्या दाराबाहेर बांधलेली चार गाठोडी होती, एकावर मुलांची खुळखुळणी दिसत होती. मला म्हणाल्या, बहिणीकडे जाईन, पण तिच्याकडे एकच खोली आहे.

इंजिनिअरला अजून दिलेला नाही. दोन्ही प्रती पाठवतो, तिचा फेब्रुवारीचा आणि माझा. बघून सांग. एका महिन्यात भिंत एवढी कशी सरकली? की कोणी नीट बघत होतं तोवरच ती उभी होती, असंही मनात येतं. हे लिहू नये असं वाटतं, पण लिहिलं.

थकवा आहे, आजार नाही. काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
भाऊजी


६ मार्च

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

आधी वर जाऊन बाईंना गाठोडी सोडायला सांगा. मग पुढचं वाचा.

चूक माझी आहे. डोळ्यांच्या उंचीला लावा, असं लिहून मोकळा झालो. गिऱ्हाइकाला सांगायची सवय. कोणाच्या डोळ्यांच्या, हे मनातच आलं नाही. ताई तुमच्या खांद्याला लागायची.

दोन्ही फोटो शेजारी ठेवा. डाव्या कोपऱ्यात कठड्याच्या खांबावर लाकडी गोळा आहे ना? ताईच्या फोटोत तो पट्टीच्या डाव्या टोकाला खालून टेकलेला दिसतो. तुमच्या फोटोत कितीतरी खाली राहिला आहे. म्हणजे तुम्ही वरून बघताय. भिंतीला पोट आलं असणार, म्हणून पट्टी भिंतीला चिकटलेली नाही, बोटभर पुढे आहे. वरून बघितलं की नजर पट्टीच्या काठावरून घसरून भिंतीवर जरा खाली पडते. आणि भेग खाली रुंद आहे, असं तुम्हीच लिहिलंत. भेग वाढलेली नाही, भाऊजी. तुम्ही उंच आहात.

ताईची नेमकी उंची मला माहीत नाही. स्टुडिओत तिला स्टुलावर बसवलं की खाली दोन जाड वह्या घालायचो आणि ती म्हणायची, वह्यांच्या खाली हुशारी दडपून टाकलीस. आकड्याची गरज नाही. मधली दांडी खालीच असू द्या, पाय थोडे आत सारा, कॅमेरा हळूहळू खाली आणा. कॅमेऱ्यात बघत राहा. गोळा पट्टीला टेकला की थांबा. तीच ताईच्या डोळ्यांची उंची.

फोटोवर खरी तारीख घाला आणि इंजिनिअरला खरं ते सांगा. एक तारीख चुकल्याने भिंत रागावत नाही.

आणि कोणी बघत होतं तोवरच भिंत उभी होती, हे तुमचं वाक्य मी हिला वाचून दाखवलं नाही. एकट्याने दोनदा वाचलं. लवकर लिहा.

आपला,
किल्ली


१० मार्च

चि. किल्ली यास,
अनेक आशीर्वाद.

बाईंनी गाठोडी सोडली. आधी मला वाटेल ते बोलल्या, की आठवडाभर मुलांना चमचे-वाट्यांशी खेळवलं, तुमच्या एका उंचीपायी. मग खाली येऊन वाटीभर साखर मागून नेली. साखर कुठल्यातरी गाठोड्यात हरवली आहे म्हणाल्या.

काल फोटो पुन्हा काढला. ट्रायपॉड खाली आणत गेलो. पाठ वाकवून, मग गुडघे वाकवून कॅमेऱ्यात बघत होतो. गोळा वर येत गेला आणि पट्टीला टेकला. तिथे थांबलो. स्क्रू आवळले.

तिथून बघून तिच्या फोटोंशी ताडल्यावर समजलं की टॉर्च सुतळीने बांधून चालणार नाही. तिच्या दहाही फोटोंत उजव्या कडेला माझा अंगठा आहे. टॉर्च धरलेला. मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण मी भेगच बघायचो. कापून टाकता आला असता, तिला ते करता येत होतं. तिने ठेवला. आणि दहाही फोटोंत तो जरा हललेला आहे. त्यावरून एकदाही बोलली नाही.

म्हणून सुतळी सोडली. टायमर लावला, दोन पायऱ्या चढून माझ्या जागेवर उभा राहिलो आणि टॉर्च धरला. कॅमेऱ्यावर लाल दिवा उघडमीट करत होता. दहा सेकंद बरेच असतात. मग आवाज झाला. फोटो निघाला होता, तरी मी हात खाली घेतला नाही. दर वेळी ती, हं, झालं, म्हणायची आणि मग मी टॉर्च बंद करायचो. मी वाट बघत राहिलो. वरून बाई डोकावल्या आणि विचारलं, झालं का? मी हो म्हणालो आणि टॉर्च बंद केला.

भेग तेवढीच आहे. केसभरही वाढलेली नाही. फोटो बाकीच्या दहांत मिसळला तर मला वेगळा काढता येणार नाही. प्रत पाठवतो. उजवीकडे बघ.

तुझ्याकडे तिचा फोटो नाही, असं लिहिलंस. माझ्याकडेही चांगला नाही. हे अकरा आहेत.

तुझा,
भाऊजी


१४ एप्रिल

चि. किल्ली यास,
अनेक आशीर्वाद.

बारावा फोटो एक तारखेला झाला. इंजिनिअरने सगळे टेबलावर ओळीने मांडले आणि भेग थांबली आहे म्हणाला. इमारत रिकामी करायची नाही, भिंत आतून बांधून काढतील. शेवटचे दोन कोणी काढले ते त्याने विचारलं नाही. मार्चच्या फोटोवर नऊ तारीख का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, उंची चुकली होती. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

काल गवंडी येऊन गेले. पट्टी काढली, भेग भरली. भिंत आता कोरी दिसते. खालच्या पांढऱ्या रेघा घासून टाकू का, असं मुकादमाने विचारलं. मी काही म्हणायच्या आत बालवाडीच्या बाई वरून म्हणाल्या, हात लावाल तर बघा.

वहिनी काठीशिवाय चालू लागल्या हे वाचून बरं वाटलं. दोघंही या. आता तुला यायला हरकत नाही. तुझ्यापुरता भात रोज उरतोच.

ट्रायपॉड मिटवलेला नाही. पुढच्या खोलीत दाराशी उभा आहे, होता त्याच उंचीवर. आत शिरताना वाटेत येईल. हलवू नकोस, बाजूने ये.

तुझा,
भाऊजी