आजीने दुधी आणला

प्रिय आई,

रविवारी मला न्यायला येऊ नकोस. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस, मग मी 'बरं बरं' म्हणते आणि नंतर स्वतःवरच चिडते. म्हणून कागद.

बाबा गेल्यावर तू गौतमकाकांशी लग्न करून नाशिकला गेलीस, त्याचा मला राग नाही. होता, आता नाही. तेव्हा घोडपदेवच्या या चाळीत कुणी तुझ्याबद्दल वाकडं बोललं की आजी कंबर कसून उभी राहायची. कालिंदीकाकीला तर तिने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की माझ्या सुनेचं मी बघेन, तू तुझ्या घरात बघ. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आजी तर मेली तरी सांगणार नाही.

ती कडक आहे, कबूल. दहावीचं अख्खं वर्ष पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला निघताना मला उठवून जायची, आणि मी परत झोपले का हे बघायला शेजारच्या अप्पांना दारात बसवायची. माझी नवी जीन्स गुडघ्यावर फाटलीय म्हणून तिने शिवून टाकली. हिरव्या दोऱ्याने! मी दोन दिवस बोलले नाही, तर म्हणाली, बरं झालं, घरात शांतता आहे.

परीक्षा संपली तशी मी तिच्याबरोबर लालबागच्या बाजारात बसायला लागले. तिला नको होतं, पण हट्टात मी तिचीच नात. ती भाव करायची, मी कोळंबी सोलायची. मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू? आणि मग एक दिवस अचानक तिने फर्मान काढलं की उद्यापासून यायचं नाही. त्याच संध्याकाळी घरात दुधी आला. आपल्या घरात, आई, दुधी! दुसऱ्या दिवशी पडवळ, मग परत दुधी. श्रावण नाही, उपास नाही. कालिंदीकाकी हळूच विचारून गेली की तुमच्यात कुणी गेलं का. मी कुरकुरले तर आजी म्हणाली, जमत नसेल तर आईकडे जा.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मासळीवाचून ही पोरगी पळेल असा तिचा हिशेब. पण पाटीभर पापलेट विकून आलेली बाई माझ्यासमोर बसून तोच दुधी गिळत होती. मला घालवायचं होतं तर स्वतःपुरता निदान एक बोंबील तळायचा ना? तेवढंही तिच्याच्याने होईना. तिथेच ती पकडली गेली. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, खरं काय ते सांग, त्याशिवाय जेवणार नाही.

तिने ताट परत माझ्यापुढे ढकललं, मी पुन्हा सरकवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी गिऱ्हाईक तुला मावशी म्हणाला. मावशी, कोलंबी कशी दिली. सोळा वर्षांची पोर तू. मना नाय सोसला."

मी म्हटलं, "म्हणू दे. मावशी म्हटल्याने माझं कॉलेज बंद पडणार आहे काय?"

तिचं म्हणणं, एकदा पाटीपुढे बसलेली बाई उठत नाही, तीही सुट्टीपुरतीच बसली होती. मी सांगितलं, मी उठेन. इथल्याच कॉलेजात जाईन, अकाउंट्स शिकेन, आणि वाटलं तर रविवारी येऊन बसेन, बघू कोण उठवतं. तेव्हापासून तिचा अबोला आहे. असू दे. तिला अबोला जमत नाही, भांडी आपटून बोलत असते.

आता जे लिहायला बसले ते. परवा तुझा मेसेज आला, की मी रात्री तुझ्या आठवणीने रडते हे आजीने तुला कळवलं, मी होऊन तुझ्याकडे यायचं म्हणाले म्हणून तुला आकाश ठेंगणं झालंय, माझ्यासाठी खोली रंगवलीस. आई, मी असं काहीच म्हणाले नव्हते. ते सगळं आजीने रचलं. मी म्हटल्याशिवाय तू मला न्यायला येणार नाहीस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तू त्या आनंदात जिना चढून आलीस तर तुझ्या तोंडावर हे सांगायची माझी हिंमत होणार नाही, म्हणून आधीच लिहितेय. तुला लागेल, माहितेय. चिडायचं तर माझ्यावर चीड, तिला एक शब्द बोललीस तर माझ्याशी गाठ आहे. आठवण येते तुझी, रडत नसले तरी येते. तू रविवारी ये, न्यायला नको, राहायला ये. तुमच्या दोघींपैकी एक निवडायला मला कुणी सांगू नका, तूही नको आणि तीही नको. मी निवडणार नाही.

तुझीच, आणि इथेच राहणारी,
अनुजा