पवनी घ्यावी की झेप

न्हावरे, ता. शिरूर
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय कोंडिबामामांना,

नवनाथचा मनापासून जय भीम. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. तुमच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, नसेल तर जाईमामींकडून वाचून घ्या. (तेजश्रीला वाचायला देऊ नका. ती शाळेत मराठी शिकवते, लाल पेन घेऊन बसेल.) डोळ्याला त्रास नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, तेव्हा पानं जास्त भरली तर मला बडबड्या म्हणू नका. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही, त्यापेक्षा कागद बरा. मामींचा गुडघा कसा आहे तेही कळवा. आमच्या आईची, म्हणजे तुमच्या ताईबाईची, तब्येत इतकी उत्तम आहे की तिच्यापुढं आम्हीच आजारी वाटतो.

तुम्ही विचारलंत की तेजश्रीला रोज शाळेत जायला-यायला बॅटरीवरची स्कूटर घ्यायची आहे, पवनी आणि झेप अशा दोन बघितल्या, दोन्ही एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा दिसतात, तर त्यातली कुठली बरी? एका ओळीत उत्तर द्यायचं तर पवनी. पण ज्या माणसानं दौंडच्या लोकोशेडमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडली, त्याला एका ओळीत उत्तर देणं मला बरं वाटत नाही. शिवाय हे उत्तर माझं नाही. माझं उत्तर वेगळं होतं आणि ते कसं फजितीचं निघालं तेच लिहायला बसलोय.

तर झालं असं. आमच्या रश्मीकडं इनामगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्या आहेत. आरोग्यसेविकेचं काम म्हणजे लसीचा डबा खांद्याला आणि मिळेल ते वाहन हाताला. कधी एसटी, कधी दुधाचा टेम्पो, एकदा तर मयताला निघालेल्या पाहुण्यांच्या जीपमधून गेली आणि तिथं उतरल्यावर तिलाच आधी रडावं लागलं. मी मात्र कारेगावच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी झोपून जातो आणि झोपूनच येतो. दिवाळीनंतर एक दिवस ती घरी आली, डबा खाली ठेवला आणि म्हणाली, “आता मला गाडी पाहिजे.” मी म्हटलं, “तू काळजी करू नको, मी बघतो.” इथंच पहिली चूक झाली. गाडी तिला पाहिजे होती आणि बघायला मी निघालो.

कंपनीच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस मी, दोन वस्तू एकसारख्या दिसल्या की मला वही लागते. शंभर पानी वही घेतली. रकाने पाडले. सीट, ब्रेक, पिकअप, दिवा, डिकी, जास्तीत जास्त वेग, आरसे, हॉर्नचा आवाज आणि ‘एकंदर रुबाब’. प्रत्येकाला दहापैकी मार्क. वही बघून रश्मी म्हणाली, “मी येऊ का?” मी म्हटलं, “मशिनरीचं काम आहे.” (मामा, हे वाक्य मी परत घेतलंय. लेखी.)

शिरूरला गेलो. दोन्ही दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. पवनीचं दुकान स्वप्नाली नावाच्या बाईंचं आणि झेपेचं दुकान त्यांच्या चुलत सासऱ्यांचं, हौसरावांचं. हौसराव पूर्वी ट्रॅक्टरचे पार्ट विकायचे, त्यामुळं बॅटरीच्या गाडीबद्दलसुद्धा ते “कसली ओढती!” एवढंच सांगतात. दोन्ही दुकानांपुढं आवार एकच. त्या आवारात फिरवून बघायच्या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग एकच, पिस्त्याचा. दिवा गोल, आरसे गोल, आणि नाव कुठं तर मागं नंबरप्लेटच्या वर, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरात.

आधी पवनी घेतली. घोड नदीच्या पुलापर्यंत गेलो, आलो, आवारात लावली. आता पेट्रोलची गाडी बंद केली की कानाला कळतं. ही चालू असतानाही गप्प आणि बंद असतानाही गप्प, म्हणून मी किल्ली तशीच ठेवून स्वप्नालीबाईंकडं चहा प्यायलो आणि वहीत पवनीला नव्वदात बासष्ट मार्क दिले. मग हौसरावांकडं गेलो. ते म्हणाले, “भायेर उभी हाय, किल्ली लावलेलीच हाय, जावा घिऊन. कसली ओढती!” मी बाहेर आलो, किल्ली लावलेली गाडी दिसली, बसलो आणि निघालो.

मामा, काय सांगू तुम्हाला. बसताक्षणी फरक कळला. सीट पहिलीपेक्षा मऊ. ब्रेक असा की लोण्यात बोट. पिकअपला तर तुलनाच नाही. पुलाच्या अलीकडं थांबून मी उभ्या उभ्या वहीत लिहिलं, ‘पवनीला हिची सर नाही. एकंदर रुबाब दहापैकी दहा.’ बेरीज एक्याऐंशी झाली. आनंदाच्या भरात पूल ओलांडून पलीकडं नगरच्या हद्दीत चांगलाच पुढं गेलो आणि तिथं बॅटरी संपून गाडी हळूहळू, काही न बोलता, थांबली.

हौसरावांना फोन लावला. म्हटलं, “तुमची झेप बंद पडली.”

ते म्हणाले, “झेप? झेप तर माझ्या डोळ्याम्होरं उभी हाय.”

मी मागं जाऊन नंबरप्लेटच्या वर वाकलो. पवनी. दोन्ही वेळा पवनीच! मी एकाच गाडीला आधी बासष्ट आणि मग एक्याऐंशी मार्क दिले होते, तेही कारणांसकट. तेवढ्यात फोनवर मागून स्वप्नालीबाईंचा आवाज आला, “आवं मामंजी, कुणीतरी माझी गाडी पळवली! चव्हाट्यावरनं गेली न् कुणाला आवाजबी आला न्हाई!” त्या पोलिसांना फोन लावायच्या बेतात होत्या, हौसरावांनी कसंबसं थांबवलं. मग मी भर उन्हात ती गाडी ढकलत पुलावरून परत आणली. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून विचारायचा, “पेट्रोल संपलं का?” आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगायचो.

घरी येऊन खरं ते सांगितलं. (सांगावंच लागलं, शर्ट बोलत होता.) रश्मी इतकी हसली की आईनं बाहेरून येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. हसून झाल्यावर तिनं वही मागितली, पानं उलटली आणि शांतपणे म्हणाली, “यात माझं काम कुठं हाय?” मी बघितलं. खरंच, कुठंच नव्हतं. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि ती दिवसभर कुठल्या रस्त्यानं जाते, कुठं उतरते, डबा कुठं ठेवते, हे मला एका रकान्यापुरतंही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिच्या लसीकरणाच्या दिवशी मी रजा टाकली. रश्मी दोन्ही दुकानांत स्वतः गेली आणि म्हणाली, “दोन्ही गाड्या दुपारपर्यंत द्या. मी माझ्या रस्त्यानं चालवून बघणार, मग सांगणार.” स्वप्नालीबाई लगेच हो म्हणाल्या. हौसराव माझ्याकडं बघून जरा घुटमळले, पण सुनेनं दिली म्हटल्यावर त्यांनाही द्यावी लागली. रश्मीनं पवनी घेतली, पायाशी लसीचा डबा ठेवला. मी झेप घेतली आणि घरून आईला मागं बसवलं, कारण बाजारच्या दिवशी तिलाही गाडीवर जायचं असतं. आई निम्म्या वाटेत म्हणाली, “आवाज न्हाई, धूर न्हाई, चालू हाय का बंद हाय ते कसं कळायचं रं? तुझ्या बापासारखीच हाय ही.” (तुमच्या दाजींचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.)

इनामगावच्या अलीकडं रश्मीला फोन आला. कालव्याकडंच्या वस्तीवर धुरपदाबाई राहतात, त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण वस्तीच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली होती. सगळ्या रस्त्यात ऊस. ॲम्ब्युलन्स ट्रॉलीच्या पलीकडं, सून अलीकडं, मधे एक किलोमीटर. पोरीला धड चार पावलं टाकवत नव्हती. वस्तीपासून उसापर्यंत कालव्याच्या कडेनं पायवाट तेवढी मोकळी होती.

मी म्हटलं, “रश्मी, झेप घे, ही जोरात पळते!” आणि गाडी वळवायला गेलो, तर पुढच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘नवीन सुधारणा आल्या आहेत. आत्ता घ्यायच्या का?’ मामा, कुणी चांगल्या मनानं काही देत असलं की मला नाही म्हणता येत नाही. घाईत ‘हो’वर बोट पडलं. पुढची ओळ आली: ‘कृपया गाडी हलवू नये. तेवीस मिनिटे.’ आणि गाडीनं चाकं आवळली. मी, आई आणि झेप तिघंही कालव्याच्या वळणावर खिळल्यासारखे उभे. आई म्हणाली, “आता तर नक्की बंद हाय.”

रश्मीनं झेपेकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं लसीचा डबा माझ्या हातात दिला, पवनी वस्तीवर नेली, सुनेला मागं बसवलं आणि निघाली. एका बाजूनं धुरपदाबाई सुनेच्या पाठीला हात देऊन चालत, दुसऱ्या बाजूला, आईला झेपेपाशी सोडून आलेला मी, डबा घेऊन. गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. ना धक्का, ना हिसका. कळ आली की रश्मी दोन्ही पाय खाली टेकून थांबायची, म्हणायची, “श्वास सोड, सोड, घाई न्हाई आपल्याला,” आणि कळ गेली की पुन्हा तितक्याच अलगद निघायची. गाडी इतकी गप्प होती की त्या पोरीचा श्वास मला ऐकू येत होता. धुरपदाबाई सारख्या म्हणत होत्या, “हळू गं माझी बाई, हळू,” आणि ती जात होतीच हळू. माझ्या वहीत जास्तीत जास्त वेगाला रकाना होता. हळू चालण्याला नव्हता.

उसावरून चार माणसांनी हाताची पालखी करून सुनेला पलीकडं घेतलं, रश्मी ॲम्ब्युलन्समध्ये चढली आणि दार लागलं. तासाभरानं तिचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तोवर मी आई आणि झेपेपाशी परत आलो होतो, तिथंच कालव्याच्या कडेला बसलो आणि काय झालं कुणास ठाऊक, डोळे भरून आले. आईनं पदर पुढं केला. झेपेची तेवीस मिनिटं आत्ता कुठं, तासाभरानंतर, संपली होती. तिनं एक छोटी धून वाजवली आणि ‘धन्यवाद’ म्हणाली.

झेप वाईट नाही हां, मामा. डिकी मोठी आहे, दिवा लांब पडतो, हायवेवर खरंच ओढते. हौसरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच म्हणाले, “ताईंच्या कामाला पवनीच बरी.” रश्मीनं तिथल्या तिथं पवनी घेतली. तिचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात, पायाशी डबा सपाट बसतो, आणि बॅटरी काढून घरात आणून लावता येते. (ती उचलून आणायचं काम माझ्याकडं आहे. वजन बाळाच्या पाचपट.) तेव्हा तेजश्रीला सांगा, माझं किंवा तुमचं ऐकू नकोस. गाडी तुझ्या रस्त्यानं, तुझ्या पिशवीसकट चालवून बघ, आणि गाडीनं काही विचारलं तर घरी पोचेपर्यंत नाही म्हण.

मामींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. आई म्हणते, भाऊ कधी येतोय?

तुमचा भाचा,
नवनाथ

ता. क. – मामा, पत्राचं खरं कारण आता लिहितो. तुमच्याकडं जिन्याखाली तुमची ड्यूटीची जुनी सायकल पडून आहे असं तेजश्री म्हणाली. ती मला द्याल का? झालंय असं की गाडी रोज रश्मीकडं असते आणि मला बसच्या थांब्यापर्यंत चालत जावं लागतं. घरात वाहन आल्यापासून मी पायी झालोय. टेम्पोत घालून पाठवलीत तरी चालेल.

दुसरा ता. क. (हे अक्षर माझं, रश्मीचं) – मामा, जय भीम. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. गाडी दुपारी तीननंतर दारातच उभी असते आणि सुट्टीला दिवसभर. पण हे तिला हात लावत नाहीत, कारण गावात जो तो विचारतो, “काय नवनाथराव, ताईंची गाडी घिऊन कुठं?” आणि झेप बंद पडली तेव्हा स्क्रीनवर खाली ‘नंतर’ असंही लिहिलं होतं, ते सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसलं होतं. तरी सायकल जरूर पाठवा. फक्त तिला मागं कॅरिअर आहे का ते बघा, नसेल तर बसवून पाठवा. आठवडाभर गाडी चालवून कंटाळा येतो. रविवारी मला कालव्यापर्यंत मागं बसून जायचंय.