तेराव्याची रजा

सीमेवरचं यार्ड, बाळकृष्णच्या हस्ते
२८ जानेवारी २०२४

ती. सुधाकरकाकांस शार्दूलचा सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी मजेत आहे म्हणतो, ते मॅनेजरच्या समोर, स्पीकर चालू ठेवून. एरवी फोन कारखान्याच्या गेटवर जमा असतो. इंदूरहून बांगलादेशात येणाऱ्या सोयापेंडीचे नमुने काढायला मला आठवड्यातून एकदा यार्डात आणतात. तिथे आपल्या कॉलनीतला ट्रान्सपोर्टवाला बाळकृष्ण भेटतो, म्हणून हे पत्र.

इंदूरच्या पलासियातल्या एजंटाने मला बिझनेस व्हिसावर पाठवलं, नोकरीच्या नाही. पासपोर्ट ‘व्हिसा वाढवायला’ म्हणून चार महिने मॅनेजरच्या कपाटात आहे. व्हिसाची मुदत २६ फेब्रुवारीला संपते. त्यानंतर मीच बेकायदा, मग तक्रार कोणाकडे करणार? मॅनेजर आपल्याच देपालपूरचा. मला भिया म्हणतो, पोहे खाऊ घालतो. सुट्टी आणि पासपोर्ट मात्र घरात कोणी गेलं तरच देतो, तेही पत्र बघून. आमच्यातले दोघे तसेच सुटले. माझे आई-बाबा तर आधीच गेलेले.

काकूला यातलं अर्धंच सांगा.

तुमचा,
शार्दूल

॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
५ फेब्रुवारी २०२४

चि. शार्दूलास अनेक आशीर्वाद. ‘चिरंजीव’ या वेळी सवयीने नव्हे, मुद्दाम लिहिलं आहे.

काकूला अर्धं सांगणं जमलं नाही, पाकीट तिनेच फोडलं. तू विचारायला लाजलास ते मीच सांगतो. घरात मरण्याजोगा माणूस मी. रक्तदाब आहे, निवृत्ती जवळ आली आहे, आणि अकरावीची मुलं संस्कृतच्या तासाला माझ्याकडे अशी बघतात की मी गेलोच आहे. मला मूल नाही, तेव्हा पिंडाचा अधिकार पुतण्याचा. सगळं सशास्त्र जुळतं.

कुरियरने कारखान्याच्या पत्त्यावर पत्र येईल. अक्षर काकूचं, मजकूर माझा. ती म्हणते असलं लिहवून घेऊ नका, हात कापतो. म्हटलं कापू दे, अक्षर खरं वाटेल. वाचताना हसू नकोस म्हणजे झालं.

थोड्याच दिवसांचा तुझा,
काका

इंदूर, माघ शुद्ध तृतीया
१२ फेब्रुवारी २०२४

चि. शार्दूल,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं, जवळ ठेवू नये. तुझे काका आज सकाळी साडेनऊला हृदयविकाराने गेले. दहाव्याचा पिंड आणि तेरावा तुझ्याच हातून व्हावा, ही त्यांची इच्छा होती. दूरदेशी असलेल्याने तिथल्याच नदीकाठी विधी केला तरी शास्त्रास मान्य आहे. परंतु मी एकटी पडले आहे, तरी तू निघून यावंस. साहेबांनी एवढे उपकार करावेत.

दुःखी,
शोभनाकाकू

यार्ड, २४ फेब्रुवारी २०२४

ती. काकांस,

नमस्कार लिहावा की नाही कळत नाही. इथे सगळ्यांच्या मते मी सुतकात आहे, आणि डोक्यावर केस नाहीत.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. डोळे पुसले. मग एका ओळीवर बोट ठेवलं: तिथल्याच नदीकाठी. लगेच शहरातून भटजी ठरवले. दहाव्याला मला गावाबाहेरच्या नदीवर बसवलं. काका, तुमचं नाव आणि गोत्र मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कावळा लगेच शिवला. मॅनेजरने सगळ्याचे फोटो काढून फाइलला लावले. परतताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काम तो हो गया, भिया. अब किसके लिए जाओगे?”

परवा मुदत संपते. पुढे मला यार्डात आणतील की नाही, सांगता येत नाही. आता काकू गेल्याचं असलं काही लिहू नका. ते मला जमणार नाही.

शार्दूल

॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
१ मार्च २०२४

चि. शार्दूल,

ती ओळ माझी. काकू नको म्हणत होती. खोटं मरण लिहिता आलं, खोटं शास्त्र लिहिता येईना. तीस वर्षं शिकवल्याचा माज, दुसरं काय.

हयातीचा दाखला जोडून मी ढाक्याच्या आपल्या उच्चायुक्तालयाकडे अर्ज केला आहे. त्यात तुझा पासपोर्ट क्रमांक लागतो. काकूने तुझी सगळी कागदपत्रं उलथीपालथी केली, सापडला नाही. आठवत असेल तर बाळकृष्णजवळ तेवढाच लिहून दे, बाकी काही लिहू नकोस. उन्हात डोक्याला काही बांधत जा.

जिवंत असलेला,
काका

यार्ड, १६ मार्च २०२४

ती. सुधाकरकाकांस बाळकृष्णचा नमस्कार.

तुमचं पाकीट न फोडता परत पाठवत आहे. माझ्या दोन फेऱ्या झाल्या, शार्दूल आला नाही. नमुने काढायला नवे केमिस्ट येतात, देवासचे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, मॅनेजरसाहेबांनी नदीवरचे फोटो दाखवून सांगितलं की शार्दूल आपल्या काकांच्या तेराव्याला रजा घेऊन केव्हाच घरी गेला. रजिस्टरातही तसंच लिहिलंय म्हणे. तुम्ही तर धडधाकट, त्यामुळे मी जरा चक्रावलो. पण रजेसाठी सांगितलं असेल, असं समजलो. सुटला, बरं वाटलं.

इकडून निघताना मला भेटून गेला नाही म्हणून त्याला माझ्यातर्फे रागवा. आणि पोचल्याचं तेवढं कळवा.

आपला,
बाळकृष्ण