चौदा कोंबड्या आणि पेट्याचा मान

मी, सिताती मुख्वाना, वय अदमासे चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार किमिलिलीजवळ, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. कोणी दबाव आणलेला नाही. दाराला आतून कडी आहे.

१. घर व मक्याचं शेत मुलगा कुंदू याला.

२. सायकल धाकटा भाऊ मुरुंगा याला. तिची चेन त्याने कोणाकडे मागू नये. ती त्यानेच नेली, हे माझं मत कायम आहे.

३. चौदा कोंबड्या. भांडण इथेच होणार. रोज नऊ अंडी मिळायची, ती दोनवर आली, तीही मऊ कवचाची. मला संशय सुनेचा, नामाल्वाचा. आमच्यात सून सासऱ्यासमोर येत नाही, ती भिंतीआडूनच म्हणाली, "बाबा, चोरायला आधी कोंबडीने अंडं घालायला नको? दहा मुठींत नऊ खाद्याच्या अन् एकच खाऊची, किती वेळा सांगू? तुम्ही सगळे येताजाता खाऊ भरवता, मग खाद्याला तोंड लावतंय कोण?"

मी विश्वास ठेवला नाही. पंधरावी कोंबडी कापायला लावली. पेटा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं जठर, हा घरच्या कर्त्या पुरुषाचा मान, म्हणून तो आणि गळ्याची पिशवी माझ्यासमोर चिरली. आत दारूचा चोथा निघाला. दारू मुरुंगा गाळतो. चपातीचे तुकडे निघाले. चपाती कुंदूला लागते. पंखांची वाळवीही निघाली. पोटात बोटभर चरबी.

दुसऱ्या दिवशी एकेकाला फाटकात उभं केलं. मुरुंगाकडे कोंबड्या धावल्या, कुंदूकडे धावल्या. नामाल्वाच्या वेळी मी भिंतीआडून पाहिलं; तिच्याकडे एकीनेही मान वळवली नाही. ती सकाळी डब्याने मोजून खाद्य टाकते, नंतर दाणाही नाही.

म्हणून चौदाही कोंबड्या, खुराडं आणि तो डबा नामाल्वाचा. मुरुंगाने कुंपणापलीकडूनच पाहावं.

४. माझ्या मयताला कोंबडी कापाल, तिचा पेटा नामाल्वाला द्यावा. बाईने पेटा खायचा नसतो म्हणून मुरुंगा ओरडेल; त्याला चोथ्याची आठवण करून द्यावी. चिरताना आत वाळवी सापडली तर कोणावर आळ घेऊ नये. ती मीच भरवतो. अजूनही.

साक्षीदार: वेकुलो (शेजारी) आणि मकारी (गावचा पंच). दोघांनी आत येण्यापूर्वी खिसे उलटे करून खाऊ नाही हे दाखवलं.

सही: सिताती मुख्वाना
किमिलिली, १४ मे