एकेचाळीस तुकडे

मी, लक्ष्मणराव वल्द श्रावणजी लांजेवार, वय वर्षे सहासष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार गांधी चौकामागे, भंडारा, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. साखरेमुळे दोन्ही पावले बधिर झाली आहेत, चप्पल निसटली तरी कळत नाही, पण डोके जागेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी पत्नी ललिताबाई चार वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये आहेत: थोरला ताराचंद, जो माझ्यासोबत स्टुडिओ चालवतो, आणि धाकटा भोजराज, जो नागपूरला शिक्षक आहे.

कलम १. राहते घर. खालचा भाग व आंगण ताराचंदला, वरच्या दोन खोल्या भोजराजला. जिना दोघांचा. जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी हलते. ती मी गेली वीस वर्षे उद्या बसवणार होतो. दोघांपैकी ज्याला आधी राग येईल त्याने बसवून घ्यावी.

कलम २. स्टुडिओ, त्यातले दोन कॅमेरे, दिवे, काश्मीरच्या डोंगराचा पडदा व टोप्या-कोटांची पेटी ताराचंदला. त्याला व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आहे आणि दोन वर्षे तो माझ्या तोंडाकडे पाहतो आहे. घे बापा. लग्नातल्या लोकांना आता स्वतःचे बोलणेही ऐकायचे असते.

पाटीबद्दल वेगळे लिहितो. आधी तिच्यावर 'चंद्रकला फोटो स्टुडिओ' असे होते. १९७९ साली मी त्यावर रंग मारून 'लांजेवार फोटो स्टुडिओ' करून घेतले. पेंटरने पातळ रंग मारला. पावसाळ्यात पाटी ओली झाली की जुनी अक्षरे खालून वर येतात. गिऱ्हाइके तर अजूनही चंद्रकलातच फोटो काढतात. पाटी आहे तशी राहू द्यावी.

कलम ३. माझी काळी छत्री माझे थोरले साळे बाबूलालजी यांच्याकडे १९७४ पासून आहे. ती परत मागू नये. मात्र माझ्या तेरवीला ते आले तर त्यांना पहिल्या पंगतीत बसवू नये. कारण पुढे येईल.

कलम ४. हलत्या चित्रांचा छोटा कॅमेरा, तो दाखवायचे मशीन आणि फिल्म जोडायचा साचा. हा कॅमेरा मी १९७२ साली जवाहरनगरच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरकडून घेतला. त्यांची बदली झाली होती. लग्नांची रंगीत पिच्चर काढून द्यावी असा माझा बेत होता. हात बसावा म्हणून दोन वर्षे गावच काढत राहिलो. फिल्म धुवायला मुंबईला जायची, महिना-दीड महिन्याने परत यायची. तिला निगेटिव्ह नसते. जी काढली तीच एक प्रत.

लग्नाचे काम एकही मिळाले नाही. गाव मात्र तेवीस मिनिटांचे झाले. लाल एसटी वळते, सायकल रिक्षावाले उतारावर पाय सोडून बसतात, कारखाना सुटल्यावर सायकलींची रांग येते. मोठ्या बाजारात निळ्या लुगड्याची बाई शिंगाडे तोलते. पितळेची भांडी उन्हात मांडलेली आहेत आणि चिंधू तांबट हातोडा मारायचे सोडून कॅमेऱ्यासाठी भांग पाडतो. फिल्म मुकी आहे, ठोकठोक ऐकू येत नाही. तेव्हा ते रोजचेच होते. आज त्या बाजारातली निम्मी माणसे वर गेली आहेत, आणि लुगड्याचा निळा रंग कसा होता हे सांगायला ही फिल्मच आहे.

दर दिवाळीला, पाडव्याच्या दुपारी, मी स्टुडिओत पडदे ओढून ही फिल्म मोहल्ल्याला दाखवत असे. लोक स्वतःला पाहून ओरडत.

कलम ५. येथे जे लिहायचे टाळत होतो ते लिहितो.

चंद्रकला ही माझी मुलगी. दोन मुलांच्या मधली. कॅमेरा आला तेव्हा बारा वर्षांची होती, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती समोर हजर. एसटी यायची तर ही आधी पळत यायची. शिंगाडेवालीसमोर उभी राहून शिंगाडा सोलून खायची, लाल रिबिनी उडवत. "हट ना तिकडं," मी ओरडायचो. फिल्ममध्ये माझे ओरडणे नाही, फक्त तिचे हसणे आहे. पुष्कळ ठिकाणी ललिताबाई मागून येऊन तिचा हात धरून तिला बाजूला नेते. ललिताबाईला कॅमेऱ्यासमोर उभे राहणे आवडत नसे. ती फिल्ममध्ये आली ती एवढ्याचसाठी.

१९७९ च्या उन्हाळ्यात चंद्रकलेने मोहाडीच्या सेवकरामशी लग्न केले. तो सायकलदुरुस्ती करतो. त्याची जात वेगळी आहे. त्याच्यात दुसरे काही वाईट असल्याचे मी ऐकले नाही. बाबूलालजी आले आणि म्हणाले, "लक्ष्मणराव, मेली समजा. तिच्या नावानं आंघोळ करा अन् मोकळे व्हा." मी आंघोळ केली. मग डार्करूममध्ये बसून, ललिताबाईची शिवणाची कात्री घेऊन, जिथे जिथे मुलगी होती तिथून फिल्म कापली. दोन दिवस लागले. बाबूलालजी बोलले, हे खरे. कात्री माझ्या हातात होती.

त्या दिवाळीला लोक जमले. एसटी वळायला लागते आणि गायब होते. शिंगाडेवाली तराजू उचलते आणि तिच्या जागी म्हैस येते. आधी लोक हसले. मग चिंधू अंधारात बोलला, "इथी पोरगी शिंगाडा खात होती ना, लक्ष्मणराव?" त्यानंतर कोणी हसले नाही. प्रत्येक झटक्याला सगळ्यांना कळत होते की इथे कोण होते. मी तिला काढले नव्हते, तिच्या जागा दाखवून ठेवल्या होत्या. पुन्हा पाडव्याला पडदे ओढले नाहीत.

चार वर्षांपूर्वी ललिताबाई आजारी होती. एक दिवस दुपारी म्हणाली, "एक डाव दाखवा मले ते पिच्चर." तिला धरून स्टुडिओत नेले, खुर्चीवर बसवले आणि मशीन लावले. ती शेवटपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "मी बी नाही का याच्यात?"

मी हात मशीनवरच ठेवून उभा राहिलो. मुलीला कापताना तिचा हात धरणारीही कापली गेली, हे मला चार वर्षांत एकदाही सुचले नव्हते. ती परत म्हणाली, "तिच्यासंग मले बी मारलं का तुमी?" मी मशीन बंद केले. पंधरा दिवसांनी ती गेली. मला रडू आले नाही. आजही येत नाही. पायांच्या बधिरपणाचे कारण डॉक्टरांनी साखर सांगितले. बाकीचे मी त्यांना विचारले नाही.

कलम ६. कापलेले तुकडे मी फेकले नव्हते. का फेकले नाहीत ते सांगता येणार नाही. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. एकेचाळीस आहेत. ललिताबाई गेल्यावर ते परत जोडायला बसलो. डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरतो, आणि मुख्य म्हणजे कोणता तुकडा कुठला ते मला कळेना. सगळीकडे तीच मुलगी, तीच रिबीन. मी कॅमेऱ्यामागे होतो, तरी मला आठवत नाही. मशीनवर फिरून फिरून फिल्मवर रेघा पडल्या आहेत. डब्यातल्या तुकड्यांवर १९७९ नंतरची एकही रेघ नाही.

कलम ७. तो डबा, फिल्म, मशीन व साचा माझ्या मृत्यूनंतर चंद्रकलेला देण्यात यावा. क्रम फक्त तिलाच सांगता येईल. ताराचंदने स्वतः मोहाडीला नेऊन द्यावा, एसटीच्या टपावर टाकू नये. तिने घेतला नाही तर जबरदस्ती करू नये. तिला बाकी काही दिलेले नाही, कारण मी तिच्या नावाने आंघोळ केलेली आहे आणि मेलेल्याला हिस्सा कसा द्यायचा हे मला माहीत नाही.

येथपर्यंतचा मजकूर भंडाऱ्यास घरी लिहिला. पुढचा मोहाडीस, आजच.

सही मोहाडीला करायचे मी ठरवले. भंडाऱ्यातले सगळे अर्जनवीस मला ओळखतात, शाई वाळण्याआधी गोष्ट बाजारात गेली असती, असे मी चिंधूला सांगितले. तो साक्षीदार म्हणून सोबत आला आहे. डबा कशाला घेतला, असे त्याने एसटीत विचारले नाही.

येथील अर्जनवीस शालिकराम यांनी सगळे वाचले. कलम सातवर चष्मा काढून म्हणाले, "काका, पोरगी इथीच राह्यते ना? मेल्यावर कायले देता? शंभर पावलं आहे दुकान. चालून द्या ना."

मी म्हणालो, मृत्युपत्रात तसे बसत नाही. ते म्हणाले, "मंग मृत्युपत्रातून काढा."

बाजाराचा दिवस होता. मी डबा घेऊन चालत गेलो. चंद्रकला दुकानासमोर ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होती. सत्तावीस वर्षांची आहे, ललिताबाईसारखी वाकून बसते. तिने वर पाहिले. आठ वर्षांनी तिचे माझ्याशी पहिले बोलणे असे: "बाबूजी, तुमच्या पायात एकच चप्पल आहे."

खरेच एकच होती. दुसरी कुठे राहिली मला कळले नव्हते. तिने सेवकरामला शोधायला पाठवले आणि मला स्टुलावर बसवले. माझ्या तळव्यातून रक्त येत होते. तिने पाय धुतला. पाणी गरम होते की थंड, मला समजले नाही.

मग तिने डबा उघडला. एक तुकडा उन्हात धरला. "हा शिंगाड्याचा." दुसरा धरला. "हा त्याच्या आधीचा, रिबीन नवी आहे इथी." असे एकेक करून गोणपाटावर ओळीने लावत गेली. एका ठिकाणी थांबली. "माय आहे," म्हणाली. पुष्कळ वेळ हात खाली घेतला नाही. मग विचारले, "फेकले काहून नाही, बाबूजी?"

तेवढ्यात चप्पल घेऊन सेवकराम आला, ती त्यानेच माझ्या पायात घातली. मला काही वाटले असे लिहिण्याची सवय नाही. वाटले, एवढे लिहितो.

सबब खालील दुरुस्त्या करतो.

कलम ७ रद्द. डबा आज हातोहात दिला. फिल्म व यंत्रे ताराचंद उद्या पोचवेल.

कलम १ मध्ये, वरची रस्त्याकडची खोली चंद्रकलेची. भोजराजला एक खोली कमी झाली, त्याने समजून घ्यावे.

कलम २ मध्ये, पाटी आहे तशी राहू नये. वरचा रंग खरवडून काढावा. खालचा आपोआप दिसेल.

पहिल्या परिच्छेदात 'दोन अपत्ये' असे आहे. तेथे 'तीन' वाचावे, आणि ताराचंद व भोजराज यांच्या मध्ये चंद्रकलेचे नाव वाचावे. ही चूक लिहिणाऱ्याची आहे.

लक्ष्मणराव श्रावणजी लांजेवार (सही)

साक्षीदार:
१. चिंधू तांबट, भंडारा (अंगठा)
२. शालिकराम बुराडे, अर्जनवीस, मोहाडी (सही)

ठिकाण: मोहाडी, सेवकरामचे सायकल दुकान
दिनांक: १२ नोव्हेंबर १९८७