लिओनाच्या बंदुकीची बारूद

माइल्स सिटी, मोंटाना
४ एप्रिल १९८८

प्रिय आर्डिसताई हिस धाकट्या ऑर्लिनचा सा. न. वि. वि.

वासरं जन्मली, बर्फ गेलं आणि ते खारीएवढे गोफर बिळांतून बाहेर आले. लेकाच्यांनी कुरणाची पार चाळण केलीय. कालच एका कालवडीचा पाय बिळात मोडला. म्हणून यंदा कुंपणापलीकडच्या लिओना ब्रेकीने आणि मी मिळून गोफर टिपायचं ठरवलंय. तीच म्हणाली!

हसू नकोस. तिची बंदूक अगदी बारीक नळीची. तिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत, घरीच भरावी लागतात. ती वापरायची ती बारूद आता बनायची बंद झाली, तर परवा तिने मलाच विचारलं की दुसरी कोणती घ्यावी. मी बघतो म्हणालो आणि घाईघाईत ट्रक मागे घेऊन तिच्या टपालपेटीवर घातला.

आता बेत असा, की मीच तिला पेटीभर काडतुसं भरून द्यायची आणि त्याच दिवशी लग्नाचं विचारायचं. बारूद कोणती घेऊ, लगेच कळव. एकसष्टाव्या वर्षी तुझ्या भावाची झोप उडाली आहे गं.

लोभ आहेच, या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.
ऑर्लिन


रॅपिड सिटी, साउथ डकोटा
११ एप्रिल

चि. ऑर्लिन यास अ. आ.

इतकी हसले की कॉफी सांडली. टपालपेटी नवी बसवून दिलीस का?

लांब दाण्याची बारूद घेऊ नकोस. काडतुसाच्या एवढ्याशा पुंगळीच्या गळ्यात ती अडकते, मग बसशील टकटक ठोकत. खसखशीसारखी बारीक घे, ती मापातून सरळ उतरते. पण तिच्यातही एखादी नळीत काजळी धरते, तेव्हा दोन-तीन आणून बघ. काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात कर. आणि टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा, म्हणजे दोन बारुदींची गल्लत होत नाही! त्यासाठी बाबांनी तुझा कान किती पिळला होता, आठवतं ना?

पण अरे शहाण्या, बाबांचा दुसरा नियम कुठे गेला? दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. भरणारा चुकला तर बंदूक तोंडावर फुटते. मी तर लग्नानंतर दोन वर्षं नवऱ्याचंसुद्धा घातलं नव्हतं. लिओनाही, तिचा नवरा सिगर्ड गेल्यापासून, कुणाचंच घालत नाही. तिला पेटी देणं म्हणजे तुझा जीव माझ्या हाती दे म्हणणं आहे. त्यापेक्षा केक ने बाबा.

खुळ्या भावावर माया करणारी,
ताई


माइल्स सिटी
२३ मे

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. बारूद पारखायला मी तिच्यासारखीच बंदूक विकत घेतली. त्यासाठी चांगलं खोगीर विकलं. ओरडू नकोस. पहिल्या डब्याने नळी काळीकुट्ट केली, दुसऱ्याने गोळ्या निशाणाच्या कागदभर उधळल्या. तिसऱ्याची पाच भोकं मात्र एका नाण्याखाली झाकली गेली! मी कुरणात एकटाच नाचलो. कुत्रा घाबरून पळाला.

चर्चच्या जेवणाला पेटी दिली. लिओनाने ती उघडून पाहिली, आभार मानले आणि म्हणाली, शेल्फवर छान दिसेल. शेल्फवर, ताई! चिनी मातीच्या कोंबड्यांशेजारी! लग्नाचं विचारायचं राहूनच गेलं. तेव्हापासून मी कुंपणाकडे फिरकलेलो नाही.

निदान तुझा लोभ तरी असू दे.
ऑर्लिन


रॅपिड सिटी
३० मे

चि. ऑर्लिन यास अ. आ.

रुसून काय बसलास? पेटी परत तर नाही ना केली तिने? नको असतं तर केली असती.

आणि तुझ्या बंदुकीला मानवली ती बारूद तिच्या बंदुकीला मानवेलच असं नाही. तेव्हा ऊठ, तिच्याकडे जा. कोणती बारूद, किती, कशी पारखलीस, सगळं सांग. मग तिच्याच बंदुकीत तुझं काडतूस घालून पहिला बार तू उडव, स्वतःचं थोबाड पणाला लावून. त्यानंतर गप्प राहा. हेच तुला सगळ्यात जड जाणार.

वाट पाहणारी,
ताई


माइल्स सिटी
१३ जून

ताई! ताई! ताई!

नमस्कार राहिला, तो मागाहून. गेलो, सगळं सांगितलं, खोगिराचंसुद्धा. खोगीर ऐकून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मी तिची बंदूक घेतली आणि माझं काडतूस घालून बार उडवला. तिने रिकामी पुंगळी उन्हात धरली, कुठे चिरली-फुगली नाही ना, ते नखाने तपासलं. मी गप्प होतो, शपथ!

मग तिने पेटीतलं दुसरं काडतूस उचललं, स्वतः बंदुकीत घातलं आणि गाल टेकवला. ताई, मला रडूच फुटलं. बार उडाला आणि गोफरही उडाला! मग विचारलं. उत्तर तिच्याच अक्षरात खाली वाच.

आता लोभ दोघांवर करावा लागेल.
ऑर्लिन

ता. क. वन्सं, नमस्कार. गोफर ठणठणीत आहे. गोळी दगडाला लागली, कारण हे माझ्या बाजूला उभे राहून हुंदके देत होते. बारूद मात्र छान निवडलीय. लग्नाला लवकर या आणि तुम्हीच निवाडा करा: तुमच्या बाबांच्या नियमाने टेबलावर एकच डबा ठेवायचा, तर तो यांचा की माझा?
लिओना